वेगळे ठेवले म्हणजे विटाळ नव्हे
त्रिनिदादला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी चार कामाच्या गोष्टी



एका गुरुवारी रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या वस्तीतली एक माउली आमच्या दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. म्हणाली, "भाऊ, माझ्या पोराला विमानतळावरून परस्पर दवाखान्यात नेलं. ताप नाही, खोकला नाही, चांगला धडधाकट हाय. मग त्याला येगळं का ठेवलं? आपण कोण हाय ते कळलं का काय त्यांना?"

तो शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही गप्प झालो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर वेगळे ठेवले गेले, त्या समाजातल्या आईच्या मनात 'वेगळे ठेवले' म्हटल्यावर दुसरा कोणता विचार येणार? त्या रात्री आम्हाला तिचे समाधान करता आले नाही, कारण खरे कारण आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. ते आम्ही नंतर शोधून काढले. हा लेख त्या माउलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे आणि परदेशी निघालेल्या प्रत्येक घराला आगाऊ दिलेली सूचनाही आहे.

काय घडले होते?

मुलगा आयटीआय झालेला फिटर. वडील हयात नाहीत. तो एका खाजगी कंपनीत कामाला आहे. कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी त्रिनिदाद बेटावर यंत्र बसवायला पाठवले. आमच्या वस्तीतून विमानात बसणारा तो पहिलाच. विहारात वंदना झाली, महिला मंडळाने पुष्पगुच्छ दिला, बिगुल तेवढा वाजायचा राहिला. जाण्यापूर्वी तो सगळे कागद घेऊन आमच्याकडे आला होता. आमचा जन्म कारकुनीत गेला, तेव्हा कागद तपासायचे तर आम्हीच. पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिले, कंपनीचे पत्र वाचले. "सगळे ठीक आहे, जा," असे सांगून आम्ही त्याची पाठ थोपटली. कंपनीच्या कचेरीतही त्याला सांगितले होते की त्या देशाला व्हिसा लागत नाही, सुईबिई काही लागत नाही.

तिथे उतरताना त्याला कोणी काही विचारले नाही. काम चोख झाले. मंगळवारी तो तिथून निघाला आणि गुरुवारी मुंबईला उतरला. रविवारी धाकट्या बहिणीचा मंगल परिणय होता. मुंबईच्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याने विचारले, "त्रिनिदादहून आलात? पीतज्वराच्या लसीचा दाखला दाखवा." दाखला नव्हता. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत त्याला अलग ठेवण्यात आले. सोमवारी सुटका झाली. बहिणीचा विवाह त्याने मोबाइलवर पाहिला. ज्या जेवणासाठी त्याने वर्षभर पैसे साठवले होते, त्या पंगतीत तो वाढायला नव्हता. फोटोत सगळे आहेत, भाऊ नाही.

यात चूक कोणाची? अधिकाऱ्याची नव्हे, त्याने नियम पाळला. चूक कागद पाहणाऱ्यांची, म्हणजे कंपनीच्या कचेरीची आणि आमचीही. आम्ही सर्वांनी जाण्याचे दार तपासले, परत येण्याचे दार कोणी तपासलेच नाही.

त्रिनिदाद आहे तरी कुठे?

क्रिकेटच्या नादी असलेल्या घरांना पोर्ट ऑफ स्पेन हे नाव नवीन नाही. १९७१ साली सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले ती तिथेच आणि भारताने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवले तेही तिथेच. पुढे १९७६ साली चौथ्या डावात चारशेवर धावा काढून भारताने कसोटी जिंकली, तीही पोर्ट ऑफ स्पेनलाच. रेडिओला कान लावून बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील.

हे शहर त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाची राजधानी. दक्षिण अमेरिकेच्या व्हेनेझुएला देशापासून त्रिनिदाद अगदी हाकेच्या अंतरावर, मध्ये चिंचोळा समुद्र. लोकवस्ती सुमारे चौदा लाख. देश १९६२ साली स्वतंत्र झाला. भाषा इंग्रजी, घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तेथे तेल, वायू आणि खतांचे मोठे उद्योग आहेत. पॉइंट लिसास ही तिथली मोठी औद्योगिक वसाहत. म्हणूनच आपल्या फिटर-वेल्डर मुलांना तिकडचे बोलावणे येऊ शकते.

आत जाण्याचे दार

भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी वा व्यवसायाच्या भेटीसाठी त्रिनिदादला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असा अर्थ करून घेऊ नये. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. परतीचे तिकीट हवे. राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता हवा. खर्चापुरते पैसे असल्याचे दाखवता आले पाहिजे. उतरताना भरायचा तपशील कागदावर असो की मोबाइलवर, तो खरा आणि पासपोर्टप्रमाणेच भरावा. नावातले एक अक्षर चुकले तरी खोळंबा होतो.

कामाची गोष्ट निराळी आहे. बारा महिन्यांत एकदा, तीस दिवसांपर्यंतचे काम परवान्याशिवाय करता येते. त्यापुढे काम करायचे तर तेथील सरकारचा कामाचा परवाना हवा आणि तो मालकाने काढून द्यायचा असतो. "आधी फिरायला म्हणून जा, परवान्याचे तिथे गेल्यावर बघू," असे कोणी एजंट सांगत असेल तर त्याच्या दारातून परत फिरा. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट आपल्या सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पैसे देताना पावती मागा. करारपत्र इंग्रजीत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीकडून शब्द न्‌ शब्द वाचून घ्या आणि मगच सही करा.

आणखी एक खाचखळगा वाटेतच आहे. मुंबईहून त्रिनिदादला सरळ विमान नाही. वाटेत विमान बदलावे लागते. अमेरिकेच्या विमानतळावर नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय माणसाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. इंग्लंडमार्गे जायचे तर बहुतेक भारतीयांना तिथूनही आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे ज्या बेटाला व्हिसा नको त्या बेटाच्या वाटेला व्हिसा हवा! स्वस्त तिकिटाच्या मोहात हे पाहायचे राहून जाते आणि मुंबईच्या विमानतळावरूनच माघारी यावे लागते. तिकिटाचे पैसे मोजण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम विचारा. नियम बदलतही असतात. त्रिनिदाद आणि टोबॅगोचा उच्चायोग दिल्लीला आहे. जाण्यापूर्वी त्याच्याकडून खात्री करून घ्यावी.

परत येण्याचे दार

आता मुख्य मुद्दा. पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, हा डासापासून होणारा रोग. ताप, डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या अशी सुरुवात होते. बहुतेक रोगी चार दिवसांत बरे होतात. काहींचा मात्र आजार उलटतो. कावीळ होते, रक्तस्राव होतो आणि माणूस दगावतो. या रोगावर नेमके औषध नाही. उपाय एकच, आधी लस.

हा रोग आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे. दक्षिण अमेरिकेला खेटून असल्यामुळे त्रिनिदादच्या जंगलातही त्याचा विषाणू येऊन जातो. तेथे १९७८-७९ साली माणसांत साथ आली होती. २००८-०९ साली जंगलातली हाउलर जातीची माकडे मरू लागली, तेव्हा आरोग्य खाते खडबडून जागे झाले. हे माकड म्हणजे तिथला पहारेकरीच. ते मेले की पीतज्वर जवळ आला, असे समजतात.

आपल्या भारतात हा रोग नाही. मग आपले सरकार एवढे कडक का? कारण हा रोग माणसाकडून माणसाकडे नेणारा एडीस डास आपल्याकडे पिंपापिंपात आहे. ज्या डासाने डेंग्यू होतो, तोच हा डास. आपल्याकडे डास आहे, माणसांची दाटी आहे, फक्त विषाणू नाही. एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून विषाणू आला आणि आपल्या चाळीतला डास त्याला चावला, तर काय अनर्थ होईल? आणि त्यात पहिल्यांदा मरेल कोण? बंगल्यातला नव्हे. नळाला एक तास पाणी येते म्हणून जो पिंप भरून ठेवतो, तो आपला कामगारच मरेल. म्हणून हा कडकपणा आपल्यावर नाही, आपल्यासाठी आहे.

पीतज्वराची बाधा झाल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात. ते सहा दिवस निर्वेध गेले तर माणूस निरोगी. म्हणून वेगळे ठेवण्याची मुदत सहा दिवसांपर्यंत. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दहा दिवस लागतात. म्हणून दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतले तर तो दाखला दहा दिवस निव्वळ कागदच राहतो. आकडे असे कारणासह समजले की नियमाचा राग येत नाही.

भारताच्या यादीत त्रिनिदादचे नाव आहे, टोबॅगोचे नाही. पण जो त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावरून टोबॅगोला जातो, त्याचे पाय त्रिनिदादला लागलेच. त्याने दाखला जवळ ठेवावा. जमैका आणि बार्बाडोस या यादीत नाहीत. दक्षिण अमेरिकेतला गयाना मात्र आहे. क्रिकेटचा दौरा पाहायला जाणारे अनेकदा या सगळ्या ठिकाणी फिरतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलांनी तर विशेषच, कारण जहाज कोणत्या बंदराला लागेल हे त्यांच्या हातात नसते.

दाखला कसा काढावा?

ही लस कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रातच ती टोचतात. मुंबईत विमानतळाची आणि बंदराची अशी दोन सरकारी आरोग्य कार्यालये हे काम पाहतात. काही सरकारी रुग्णालयांतही केंद्रे आहेत. ठरलेल्या वारीच लस देतात, म्हणून आधी नाव नोंदवावे. जाताना मूळ पासपोर्ट न्यावा. दाखल्यावर पासपोर्टचा क्रमांक, लस टोचल्याची तारीख, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का असतो. तिथेच उभे राहून हे पाचही तपासून घ्या. घरी आल्यावर चूक सापडली तर पुन्हा एक दिवसाचा खाडा.

एक चांगली गोष्ट अशी की पूर्वी हा दाखला दहा वर्षे चाले. जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. एकदा टोचले की झाले. जुना दाखला असेल तर तो फेकू नका.

लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, एचआयव्हीने वा कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी, साठीपुढच्या माणसांनी आणि तान्ह्या बाळांच्या आईबापांनी आधी डॉक्टरांना सर्व काही खरे सांगावे. डॉक्टर लस नाकारून तसे पत्र देऊ शकतात. पण त्या पत्राने परतल्यावर वेगळे ठेवणे टळेलच, असे धरून चालू नये. अशांनी शक्यतो हा प्रवासच टाळावा.

या लसीचीही एक कथा आहे. हा रोग डास पसरवतो, असे १८८१ साली कॅरिबियनमधल्याच क्युबा बेटावरचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी सांगितले. जवळजवळ वीस वर्षे कोणी त्यांचे ऐकले नाही. लोक हवेला आणि घाणेरड्या कपड्यांना दोष देत राहिले. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोग करून फिनले यांचेच म्हणणे खरे ठरवले. पुढे मॅक्स थायलर यांनी लस शोधली आणि १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सांगणारा किती मोठा हे पाहू नये, पुरावा काय हे पाहावे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते.

तिथे राहताना

लस एका रोगाची. त्या डासाचे इतर उद्योग चालूच असतात. त्रिनिदादला डेंग्यू आहे, चिकुनगुन्या आहे, झिकाही येऊन गेला आहे. एडीस डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून भागत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायभर पॅंट आणि अंगाला लावायचे मलम वापरावे. पावसाळा तिथे साधारण जून ते डिसेंबर असतो, तेव्हा जास्त जपावे. मलेरियातून हा देश मात्र १९६५ सालीच मुक्त झाला. ताप आला तर तो अंगावर काढू नये. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन घेऊ नये, डॉक्टरांकडे जावे.

पुराच्या पाण्यातून चालू नये. लेप्टो म्हणजे काय ते मुंबईकरांना २००५ च्या पावसाने शिकवलेच आहे. हत्याराशी खेळणाऱ्या कामगारांनी निघण्यापूर्वी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. वटवाघूळ चावले तर "एवढेसे तर आहे" म्हणू नये, लगेच दवाखान्यात जावे. रक्त पिणाऱ्या वटवाघळांपासून रेबीज होतो, हे जोसेफ पवान या त्रिनिदादच्याच डॉक्टरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले होते.

समुद्रकिनारी मँचिनील नावाचे झाड असते. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते, पण ते जहर आहे. पावसात त्या झाडाखाली उभे राहिले तरी गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात.

मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा घ्याव्यात. त्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. कागदाच्या पुडीतली औषधे नेऊ नयेत. फळे, बियाणे, मांस नेऊ नये. आणि हे विशेष ध्यानात ठेवा : लष्करी छापाचे हिरवे-करडे कपडे, टोपी वा पिशवी त्या देशात वापरणे गुन्हा आहे, लहान मुलांनाही ते चालत नाहीत. आपली तरुण मुले असल्या पॅंटी हौसेने घालतात, ती हौस घरीच ठेवावी.

खाण्याची आबाळ होत नाही. रस्त्यावर 'डबल्स' मिळतात. दोन मऊ बाऱ्यांमध्ये चण्याची उसळ. दालपुरी, रोटी हेही तिथले रोजचे अन्न. तिखटाची चटणी मात्र जपून घ्यावी. गुन्हेगारी वाढल्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या जुलैत तेथील सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणून रात्री एकट्याने भटकू नये, रोकड दाखवू नये. पोर्ट ऑफ स्पेनला भारताचा उच्चायोग आहे, त्याचा पत्ता आणि फोन नंबर वहीत लिहून ठेवावा, कारण मोबाइलच हरवला तर त्यातला नंबर काय कामाचा?

घरापासून दूर एकट्या राहणाऱ्या मुलांना एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पंचशीलातले तिसरे आणि पाचवे शील ही सर्वांत स्वस्त लस आहे. दारू आणि बाहेरख्यालीपणा यांनी जेवढे संसार परदेशी बुडाले, तेवढे पीतज्वराने बुडाले नसतील.

त्या बेटावर आपल्या आधी गेलेले

दालपुरी आणि चण्याची उसळ त्रिनिदादला कशी पोचली? ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून निघालेल्या दोनशेवर मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. गुलामगिरी बंद झाली होती, उसाच्या मळ्यांना हात हवे होते. तेव्हापासून १९१७ सालापर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजारांवर भारतीय करारावर तिथे नेले गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडचे. आपले मराठी मजूर त्याच काळात मॉरिशसला गेले. ॲग्रीमेंट शब्दाचे त्यांनी 'गिरमिट' केले आणि स्वतः गिरमिटिये झाले.

१८६६ पासून या मजुरांना आधी नेल्सन नावाच्या छोट्या बेटावर उतरवत. तिथे त्यांची तपासणी होई. आजारी माणसाला ठेवून घेत, धडधाकटाला मळ्यावर पाठवत. कोणत्या मळ्यावर ते मजुराने ठरवायचे नसे. कागद होते, पण ते मळेवाल्याच्या भाषेत. अंगठा मजुराचा, अर्थ मालकाचा. वेगळे ठेवणे तिथेही होते, पण ते मजुराच्या भल्यापेक्षा मालकाच्या हिशेबासाठी.

त्याच प्रवासात एक गोष्ट मात्र घडली. जहाजावर तीन-तीन महिने सगळ्यांनी एकाच भटारखान्यातले खाल्ले. सोवळे-ओवळे समुद्रात बुडाले. एका जहाजाने आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागले आणि हे नाते जातीपेक्षा घट्ट ठरले. जात तिथे अगदी नाहीशी झाली असे नाही, पण कोणाची सावली कोणाला विटाळू लागली नाही, पाणवठे वेगळे झाले नाहीत. इथे जे हजारो वर्षे अटळ म्हणून सांगितले गेले, ते तीन महिन्यांच्या प्रवासात ढिले पडले. जात निसर्गाने केली नसून माणसाने केली, याला आणखी पुरावा तो काय हवा? आज त्या मजुरांची नातवंडे-पणतवंडे त्या देशात डॉक्टर, वकील आहेत, पंतप्रधानही झाली आहेत. ३० मे ही तिथे सार्वजनिक सुटी असते.

माउलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे वळू. "आपण कोण हाय ते कळलं का त्यांना?"

बाबासाहेबांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका आहे. तिचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. नाव वाचून वाटेल की परदेशाच्या परवान्याची गोष्ट असेल. तसे नाही. स्टेशनवर उतरलेल्या लहान भावंडांना गाडीवान बसवून घेत नाही, परदेशातून शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळत नाही, दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याला हात लावू देत नाहीत, अशा त्या आठवणी आहेत. ज्याला न्यूयॉर्क आणि लंडनची दारे उघडली, त्याला आपल्याच देशात शिरायला परवाना मिळत नव्हता.

ते वेगळे ठेवणे जन्मावरून होते. त्याला कारण नव्हते आणि मुदतही नव्हती. बाप गेला तरी मुलगा वेगळाच. विमानतळावरचे वेगळे ठेवणे डासावरून आहे. त्याला कारण आहे आणि सहा दिवसांची मुदत आहे. मंत्र्याचा मुलगा असो, कारखानदार असो की आमचा फिटर, दाखला नसेल तर सारखाच नियम. पहिल्याविरुद्ध लढणे हा आपला धर्म, दुसरे पाळणे हाही आपला धर्मच.

आणि रोग्याला वेगळे ठेवून त्याची सेवा करणे ही आपलीच परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुल्यांनी पुण्याजवळ हडपसरला गावाबाहेर दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महार वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तो दवाखाना गावाबाहेर होता, पण तिथे विटाळ नव्हता. माणूस वेगळा ठेवला, पण माणुसकी वेगळी ठेवली नाही, हा फरक. कोणी अधिकारी नियमाच्या आडून अपमान करत असेल, जात विचारत असेल, तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा. पण नियमालाच अपमान समजू नका.

निघण्यापूर्वी एवढे करा

१) तिकीट काढण्यापूर्वी तीन नियम तपासा : ज्या देशात जायचे त्याचा, वाटेत विमान बदलते त्या देशाचा आणि परत येताना आपल्या भारताचा.

२) पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी घ्या. दहा दिवस दाखल्याचे, पाच दिवस अडचणीचे.

३) दाखला पासपोर्टबरोबर ठेवा, मोठ्या बॅगेत नको. त्याची एक झेरॉक्स घरी ठेवा.

४) करारपत्र, परवाना, परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता यांची एक प्रत आईकडे किंवा पत्नीकडे द्या.

५) घरात मंगल कार्य असेल तर परतीची तारीख आठवडाभर आधीची ठेवा.

६) परतल्यावर सहा दिवसांत ताप आला तर लपवू नका. डॉक्टरांना सांगा, "मी त्रिनिदादहून आलो आहे."

प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात एक तरी वही अशी असावी की ज्यात परदेशी जाणाऱ्याने येताना-जाताना आलेला अनुभव लिहून ठेवावा. पहिल्याने ठेच खाल्ली तर दुसऱ्याचा पाय वाचला पाहिजे. आम्ही आमच्या मंडळात ती वही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर या फिटरचाच अनुभव आहे आणि आमची चूकही तिथे आमच्याच अक्षरात लिहिली आहे.

तो मुलगा आता पुन्हा त्याच बेटावर निघाला आहे. या वेळी महिनाभर आधी लस घेतली. दाखला घेऊन तो आणि त्याची आई आमच्याकडे आली. माउलीने विचारले, "भाऊ, हा कागद किती दिवस चालंल?" आम्ही म्हणालो, "जन्मभर." तिने तो पदराने पुसला. घरी गेल्यावर जातीचा दाखला, नवऱ्याचा गिरणीतला पास आणि मुलीच्या विवाहाचा फोटो ज्या पत्र्याच्या पेटीत आहे, तिच्यात त्याची झेरॉक्स ठेवली. मूळ दाखला पोराच्या खिशात.

जयभीम.